तीस लाख एकर देऊन बांधलेली इमारत

ऑस्टिनला आमच्याकडे भारतातून कोणी आलं की पहिल्याच शनिवारी मी त्यांना टेक्सासच्या कॅपिटॉलमध्ये नेतो. खरं कारण सांगतो: तिथं तिकीट नाही, आत एसी आहे आणि दोन तास आरामात जातात. कॅपिटॉल म्हणजे राज्याचं विधान भवन. अमेरिकेत पन्नास राज्यं आणि पन्नास विधान भवनं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर घुमट. पाहुणे आत शिरले की मान वर करतात, घुमटाचे फोटो काढतात, मग तळघरातल्या कॅफेटेरियात कॉफी पिऊन आम्ही घरी येतो.

बाबा आले तेव्हा मात्र तसं झालं नाही. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. इमारत कुठलीही असो, ते आधी वर बघत नाहीत. जोतं बघतात, दगडांचे सांधे बघतात, दार हलवून बघतात. इथंही एका उंच लाकडी दारापाशी थांबले, चष्मा लावला, वाकले आणि म्हणाले, "अरे, बिजागरीवर काहीतरी लिहिलंय."

खरंच लिहिलेलं होतं. तीनेक किलोची पितळी बिजागरी, सगळी वेलबुट्टी, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'टेक्सास कॅपिटॉल'. मी तिथं आठ-दहा वेळा गेलो असेन, मला कधी दिसलं नव्हतं. मग कळलं की जुन्या मुख्य दारांच्या बिजागऱ्या अशाच आहेत, खास या इमारतीसाठी ओतून घेतलेल्या.

बाबा सरळ झाले आणि त्यांनी सरकारी माणसाचा प्रश्न विचारला. "बिजागरीवर नाव घालायचं म्हणजे फुरसत पाहिजे आणि पैसा पाहिजे. एवढा पैसा आणला कुठून?"

आणला नव्हता. पैसा नव्हताच. जमीन होती.

सोसायटीचा पुनर्विकास ठाऊक असेल तर हे कळेल

टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र देश होता. मेक्सिकोशी लढून वेगळा झालेला, कर्जात बुडालेला. १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला तेव्हा एक वेगळाच करार झाला. पश्चिमेकडच्या इतर राज्यांत मोकळी जमीन वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची असे. टेक्साससाठी ठरलं असं की तुमचं कर्ज तुमचं आणि तुमची जमीनही तुमची. त्यामुळं या राज्याकडं पुढची कित्येक वर्षं रोकड कमी आणि माळरान अमाप, अशी स्थिती होती.

आता मुंबई-पुण्यातली जुनी सोसायटी आठवा. इमारत मोडकळीला आलेली, सभासदांकडं पैसा नाही, पण पायाखाली जमीन आहे. मग बिल्डर येतो, म्हणतो मी तुम्हाला नवी इमारत बांधून देतो, उरलेली जागा माझी. टेक्सासनं नेमकं हेच केलं, फक्त आकडे टेक्सासच्या मापाचे. १८७६ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की नवं विधान भवन बांधण्यासाठी तीस लाख एकर सरकारी जमीन राखून ठेवली आहे. १८७९ मध्ये विधिमंडळानं त्यात आणखी ५०,००० एकर घातले, कारण त्या तीस लाख एकरांची मोजणी कुणीतरी करायला हवी होती आणि मोजणीदारांना द्यायलाही रोकड नव्हती. तो खर्चही जमीन विकूनच.

साडेतीस लाख एकर म्हणजे साधारण १२,३०० चौरस किलोमीटर. आमच्या सातारा जिल्ह्यापेक्षा जास्त. बाबांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला.

जमीन होती राज्याच्या उत्तर टोकाला, पॅनहँडल म्हणतात त्या पट्ट्यात. खुरटं गवत, पाऊस कमी, वस्ती जवळजवळ शून्य. एकरी पन्नास सेंट मिळाले तरी खूप, असा सरकारचा अंदाज. म्हणजे पंधरा लाख डॉलरची इमारत होईल अशी अपेक्षा होती.

दरम्यान जुनी इमारत गेलीच. १८५३ ची चुनखडीच्या दगडाची चौकोनी इमारत होती ती, गावकऱ्यांना फारशी न आवडणारी. ९ नोव्हेंबर १८८१ ला तिथं एका खोलीत नवीन शेगडी बसवली, आणि तिची धुराची नळी भिंतीतल्या अशा भोकात घातली जिथं धुराडंच नव्हतं. आग भिंतीच्या आतून पसरली आणि संध्याकाळपर्यंत इमारत संपली. नव्या इमारतीच्या नकाशांची स्पर्धा तोवर उरकली होती, त्यामुळं 'नवी बांधायची का' हा प्रश्न राहिलाच नाही. घाई तेवढी वाढली.

स्पर्धा जिंकली डेट्रॉइटच्या इलायजा मायर्सनं. मिशिगनचं विधान भवन त्याचंच, पुढं कोलोरॅडोचंही त्यानं काढलं. काम मिळवण्यात हुशार आणि मिळालेल्या कामावर लक्ष ठेवण्यात ढिला, अशी त्याची ख्याती. टेक्सासच्या आयुक्तांचं आणि त्याचं शेवटी इतकं बिनसलं की इमारत पूर्ण होताना तो कामावर नव्हताच. बांधकामाचं टेंडर इलिनॉयच्या एका ठेकेदाराला गेलं आणि त्याच्याकडून शिकागोच्या चार बड्या असामींकडं: अॅब्नर टेलर, एमॉस बॅबकॉक आणि जॉन व चार्ल्स फार्वेल हे दोघे भाऊ. यांना सगळे 'कॅपिटॉल सिंडिकेट' म्हणत. प्रत्यक्ष साइटवर उभा राहणारा उपठेकेदार गस विल्की, वय तिशीच्या आसपास.

बाबांना सगळ्यात आवडला तो बिलं काढायचा प्रकार. काम जसजसं पुढं जाईल तसतसं ठेकेदाराला पैसे मिळतात, त्याला आपल्याकडं रनिंग बिल म्हणतात. इथं रनिंग बिल एकरात निघायचं. पाया झाला, इतके एकर नावावर करा. पहिला मजला झाला, आणखी इतके. "मोजमाप पुस्तकात काय लिहीत असतील रे?" असं म्हणून बाबा बराच वेळ हसत होते.

शेवटी सिंडिकेटचा खर्च झाला सुमारे सव्वाबत्तीस लाख डॉलर आणि सरकारचा वरखर्च पाच लाखांच्या घरात. पंधरा लाखांचा अंदाज, सदतीस लाखांची इमारत. हिशेब केला तर ठेकेदाराला ती जमीन एकरी एक डॉलरच्या वर पडली, तेव्हाच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट.

एवढ्या माळाचं करायचं काय, तर गुरं पाळायची. लंडनमध्ये कंपनी काढून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरदारांकडून भांडवल गोळा केलं आणि १८८५ पासून तिथं 'एक्सआयटी' नावाचं गुरांचं अफाट कुरण उभं राहिलं. दहा परगण्यांत पसरलेलं, ऐन भरात दीड लाख जनावरं आणि सुमारे ६,००० मैल काटेरी तार. पण दुष्काळ, वणवे, चोर आणि पडलेले भाव यांनी भागीदारांचे पैसे काही सुटेनात. १९१२ पर्यंत गुरं संपली, जमीन तुकड्या-तुकड्यानं शेतकऱ्यांना विकत गेली आणि शेवटचा तुकडा विकायला १९६३ उजाडलं. इमारत सहा वर्षांत झाली, तिचं बिल वटवायला पाऊणशे वर्षं लागली.

दगड गुलाबी का आहे

ऑस्टिनच्या या इमारतीचं पहिलं नवल तिचा रंग. इतर राज्यांची भवनं बहुधा पांढरी किंवा राखाडी, ही गुलाबी. सकाळी फिकी, संध्याकाळी उन्हं कलली की थेट डाळिंबाच्या सालीसारखी. दगडाचं व्यापारी नावच 'सनसेट रेड'. पण हा रंग कुणी आवडीनं निवडलेला नाही. तो भांडणातून आला, आणि इमारतीच्या गोष्टीतला सगळ्यात जड भाग तोच आहे.

करारात दगड ठरला होता चुनखडीचा. ऑस्टिनच्या नैर्ऋत्येला ओटमनव्हिल नावाच्या खेड्यात, ज्याला आज ओक हिल म्हणतात, त्याची खाण होती. चुनखडी मऊ, करवतीनं कापता येते, नक्षी कोरता येते, स्वस्त पडते. पण खाणीतला दगड बाहेर उघड्यावर ठेवला आणि काही महिन्यांत त्यावर तपकिरी ओघळ दिसू लागले. कारण सोपं आहे. त्या दगडात लोहाच्या खनिजाचे बारीक कण होते. हवा आणि पाणी लागलं की हे कण गंजतात, आणि तो गंज दगडाच्या अंगावरून खाली ओघळतो. भिंतीत ठोकलेला खिळा गंजल्यावर चुन्यावर जो डाग येतो, तेच, फक्त सगळ्या इमारतीभर.

ठेकेदार म्हणाले, इंडियाना राज्यातली चुनखडी चांगली आहे, ती आणतो. गव्हर्नर जॉन आयर्लंड म्हणाला, टेक्सासच्या विधान भवनाला टेक्सासचाच दगड लागेल. यावर काम बराच काळ अडून राहिलं. तेवढ्यात ऑस्टिनच्या वायव्येला पन्नासेक मैलांवरच्या बर्नेट परगण्यातल्या ग्रॅनाइट माउंटनच्या मालकांनी कळवलं की आमचा दगड हवा तेवढा फुकट न्या. ग्रॅनाइट माउंटन म्हणजे झाड ना माती, नुसती गुलाबी ग्रॅनाइटची एक भलीमोठी उघडी टेकडी. तिचे तीन मालक. त्यातला निम्रॉड नॉर्टन हा विधान भवनाच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या आयुक्तांपैकी एक. फुकट दिलेल्या दगडासाठी खाणीपर्यंत रेल्वे येणार होती, आणि ती नंतरही राहणार होती. बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

ग्रॅनाइट फुकट मिळाला तरी तो चुनखडीसारखा कापता येत नाही. कुठल्याही पाथरवटाला विचारा. चुनखडीवर टाकी चालते, ग्रॅनाइटवर टाकी बोथट होते. मजुरी कित्येक पटीनं वाढते. ठेकेदारानं हात वर केले, तेव्हा १८८५ मध्ये तडजोड झाली. नकाशावरची बाहेरची नक्षी कमी करायची, म्हणूनच ही इमारत एवढी मोठी असूनही बाहेरून तशी साधी, रुंद खांद्यांची दिसते. आणि मजूर राज्य सरकार देणार. हे मजूर म्हणजे तुरुंगातले कैदी.

हा भाग माहितीपत्रकात दोन ओळींत उरकतात, म्हणून मी जरा थांबतो. यादवी युद्धानंतर अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद झाली, पण ज्या घटनादुरुस्तीनं ती बंद केली तिच्यातच एक अपवाद होता: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या फटीचा पुरेपूर वापर केला. किरकोळ गुन्ह्यांत माणसं आत टाकायची आणि ती ठेकेदारांना भाड्यानं द्यायची. यात काळ्या माणसांचा भरणा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त असे. विधान भवनाचा ग्रॅनाइट या कैद्यांनी फोडला, खाणीपर्यंतचा रेल्वेमार्ग त्यांनी टाकला. आतल्या भिंतींची आणि पायाची चुनखडी ओटमनव्हिललाच निघत राहिली, तीही त्यांच्याच हातून. ओक हिलजवळच्या एका टेकाडाचं नाव अजून 'कन्व्हिक्ट हिल', कैद्यांची टेकडी. तिथं काम करताना आठ कैदी मेले असं सांगतात. आज तिथं बंगले आहेत, आणि त्याच नावाचा रस्ता.

ग्रॅनाइट घडवणाऱ्या पाथरवटांच्या संघटनेनं या कामावर बहिष्कार घातला. कैद्यांकडून फुकटात काम करून घेणार असाल तर आमची मजुरी पडणार, हे त्यांचं म्हणणं. मग गस विल्कीनं माणूस पाठवला थेट स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला. ते गावच ग्रॅनाइटचं. १८८६ मध्ये तिथून साठहून अधिक पाथरवट ऑस्टिनला आले. पण वर्षभर आधीच, १८८५ मध्ये, अमेरिकेनं कायदा केला होता की परदेशातून मजूर आधीच करार करून आणायचे नाहीत. विल्कीवर खटला झाला, ६४,००० डॉलर दंड झाला. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी तो पुढं ८,००० वर आणला, तोवर इमारत केव्हाच उभी होती. परदेशातून कामगार आणायचा कायदा, त्यातल्या पळवाटा आणि नंतरचे दंड हा विषय ऑस्टिनमधल्या मराठी घरांत जेवताना रोज निघतो, पण त्याचा एक धागा विधान भवनाच्या दगडापर्यंत जातो हे मला बाबांना गोष्ट सांगायच्या निमित्तानं कळलं.

दगड अरुंद रुळांच्या रेल्वेनं यायचा. हजारो वाघिणी. एखाद्या वळणावर एखादा ठोकळा निसटायचा, आणि तीन-चार टनांचा दगड परत चढवायला कोण थांबतंय. आमच्या भागातून ब्रशी क्रीक नावाचा ओढा जातो. त्याच्या काठी असे काही गुलाबी ठोकळे अजून पडलेले आहेत, छिन्नीच्या खुणांसकट. पोरं त्यांच्यावरून पाण्यात उड्या मारतात.

घुमट उभा कसा राहतो

आत गेल्यावर मधल्या गोल दालनात उभं राहायचं. या दालनाला रोटुंडा म्हणतात. जमिनीवर मधोमध एक चांदणी आहे. तिच्यावर उभं राहून टाळी वाजवली की टाळी वरून परत येते. बाबांनी वाजवली, ऐकली आणि म्हणाले, "विजापूर." बरोबर होतं. गोल घुमटात जे होतं तेच इथं होतं, आवाज वाकड्या भिंतींवरून गोळा होऊन परत फिरतो. पण दोन घुमटांच्या पोटात फार फरक आहे.

विजापूरचा घुमट दगड-विटा-चुन्याचा. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. घुमटाचं वजन खाली येताना बाहेरही ढकलतं. दोन पायांवर फाकून उभं राहिलेल्या माणसाचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात, तसं. ते घसरू नये म्हणून खाली प्रचंड जाड भिंती लागतात किंवा कमानींची चतुर गुंफण. घुमट जितका उंच आणि मोठा, तितकं खालचं ओझं वाढत जातं.

लोखंडाचं तसं नाही. लोखंड ताणही सोसतं. छत्रीच्या काड्यांसारख्या फासळ्या उभ्या करायच्या आणि ठिकठिकाणी लोखंडी कड्यांनी त्या बांधून टाकायच्या, पिंपाला पट्टी मारतात तशा. फासळ्या फाकू म्हणाल्या तरी कडं फाकू देत नाही. वॉशिंग्टनच्या संसद भवनाचा घुमट असाच, १८५५ ते १८६६ मध्ये बसवलेला, ओतीव लोखंडाचा. यादवी युद्ध चालू असतानाही त्याचं काम बंद पडलं नाही, आणि युद्ध संपल्यावर राज्याराज्याला तसाच घुमट हवासा झाला. पन्नासांतल्या इतक्या भवनांचे चेहरे एकमेकांसारखे का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. दुसरं निम्मं म्हणजे मायर्ससारखे आर्किटेक्ट, जे एक नकाशा जमला की तोच थोडा फिरवून पुढच्या राज्याला विकत.

टेक्सासचा घुमटही लोखंडी सांगाड्याचा आणि त्यावर धातूचा पत्रा, खालच्या दगडाला शोभेल असा रंगवलेला. खालून तो दगडाचाच वाटतो. मलाही वर्षानुवर्षं वाटत होता. दगडी इमारतीच्या डोक्यावर तिथं पत्रा आहे, हे कळल्यावर बाबांना जरा बरं वाटलं.

आणखी एक गंमत. आतून दिसतो तो घुमट वेगळा आणि बाहेरून दिसतो तो वेगळा. दोन कवचं आहेत, एकात एक, आणि मधल्या पोकळीतून वर जायचा जिना. (तो लोकांना बंद आहे. मी विचारून झालंय.) बाहेरचा घुमट मैलभरावरून दिसावा म्हणून उंच. तोच आतून दाखवला असता तर विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटलं असतं, म्हणून आतला बुटका. बुटका म्हणजे तरी किती, तर त्याच्या माथ्यावरची चांदणी रोटुंड्याच्या फरशीपासून २१८ फूट वर आहे. खालून ती ताटाएवढी दिसते. प्रत्यक्षात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ फूट.

बाहेरची उंची जमिनीपासून पुतळ्याच्या हातातल्या चांदणीपर्यंत ३०२ फूट आणि वर काही इंच. वॉशिंग्टनचं संसद भवन २८८ फूट. हा फरक टेक्सासचा माणूस न विचारता सांगतो.

१६ मे १८८८ च्या आसपास आठवडाभर उद्घाटनाचा सोहळा झाला. फौजेच्या कवायती, भाषणं, नाच. आणि पाऊस. आणि नव्या कोऱ्या छपरातून गळती. सरकारनं इमारत ताब्यात घ्यायला नकार दिला, छपराची दुरुस्ती झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीला घेतली. बाबांनी हे ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली. मी बांधली असती तर एवढा आनंद त्यांना झाला नसता.

आतलं भराभर सांगतो. एकशेपन्नास आमदारांचं खालचं सभागृह आणि एकतीस सिनेटरांचं वरचं, दोन्ही दुसऱ्या मजल्यावर. सभागृहांतली झुंबरं चांदणीच्या आकाराची. त्यातल्या दिव्यांकडे नीट पाहिलं तर टेक्सासची पाच अक्षरं दिसतात. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, १४० दिवस. त्यामुळं बाकीच्या काळात तुम्ही-आम्ही निवांत फिरतो. रोटुंड्याच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या गव्हर्नरांच्या तसबिरी, थेट स्वतंत्र देशाच्या काळातल्या राष्ट्राध्यक्षांपासून. नवी तसबीर लागायची झाली की बाकीच्या सगळ्या एकेक खिळा पुढं सरकतात, मजल्यांमागून मजले. फरशीवर १९३६ मध्ये बसवलेली सहा राजवटींची बोधचिन्हं आहेत: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सासचं स्वतंत्र प्रजासत्ताक, यादवी युद्धातली दक्षिणेची फुटीर राजवट आणि अमेरिका.

दुसरी आग आणि जमिनीखालचं भवन

आगीनं या जागेचा पिच्छा सोडला नाही. ६ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे नायब गव्हर्नरांच्या निवासातल्या एका खोलीत आग लागली, मुक्कामाला आलेला एक पाहुणा त्यात गेला. आग पसरून घुमटापर्यंत जाण्याची पाळी आली होती. आतल्या पोकळ्यांतून ती पळत होती, १८८१ सारखीच. तपासात लोकांना कळलं की शंभर वर्षांत आत काय काय झालंय: उंच दालनांत मधेच घातलेले पोटमाळे, खोटी छतं, लाकडी आडोसे, वायरींचं जंजाळ. कारण साधं, माणसं वाढली आणि जागा तेवढीच. त्याच वर्षी इमारतीच्या जतनासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं.

आता पेच असा की जुनी इमारत मोकळी करायची तर लोकांना बसवायचं कुठं? शेजारी टॉवर बांधला तर घुमट झाकतो. ऑस्टिननं १९८० च्या दशकात तर नियमच केला होता की शहरातल्या ठरावीक जागांवरून घुमट दिसलाच पाहिजे, मधल्या रेषेत उंच इमारत नको. शहराच्या मध्यभागातले काही टॉवर विचित्र कोनात कापल्यासारखे का आहेत, याचं कारण ही अदृश्य रेषा. वर जाता येत नाही, बाजूला जाता येत नाही. मग खाली गेले. उत्तरेच्या बाजूला पासष्ट फूट खडक खोदून चार मजली भवन जमिनीत उतरवलं, १९९३ मध्ये पूर्ण झालं, साडेसात कोटी डॉलरला. जवळजवळ सहा लाख सत्तर हजार चौरस फूट. वरून हिरवळ आणि काचेची छतं दिसतात, बाकी काही नाही. मधोमध मात्र एक गोल उघडी विहीर आहे, आकाशाकडं तोंड करून, जणू रोटुंडा उपडा करून जमिनीत पुरलाय. या वेळचं बिल डॉलरमध्ये दिलं.

मग जुन्या भवनातले पोटमाळे काढले, छतं पुन्हा उंच केली. बिजागऱ्याही तेव्हाच चकचकीत झाल्या असाव्यात, बाबांचा तर्क.

बाहेर पडताना त्यांनी अखेर वर पाहिलं. घुमटाच्या टोकावर स्वातंत्र्यदेवी आहे, डाव्या हातात उंच धरलेली चांदणी, उजव्या हातात खाली टेकवलेली तलवार. मी सांगितलं की ही मूळची नव्हे. १८८८ मध्ये चढवलेली जस्ताची मूळ मूर्ती, सोळाएक फूट उंच, शंभर वर्षांच्या ऊन-पावसानं तडकली होती. १९८५ मध्ये हेलिकॉप्टरनं ती खाली उतरवली, साचा घेऊन अॅल्युमिनियमची नवी ओतली. ती बसवायच्या वेळी टेक्सासमधल्या हेलिकॉप्टरला काही केल्या नेम साधेना. शेवटी १९८६ च्या जूनमध्ये मिसिसिपी राज्याच्या नॅशनल गार्डला, म्हणजे तिथल्या राखीव फौजेला, बोलवावं लागलं, त्यांनी ती बसवली. हे मात्र टेक्सासचा माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही.

मूळ मूर्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राज्याच्या इतिहास संग्रहालयात आहे. बाबांचे पाय दुखत होते तरी गेलो. आणि समोरासमोर आलो. नाक पोळपाटावरच्या लाटण्याएवढं, डोळे खोल, भुवया कोरून पुढं आलेल्या, हनुवटी पैलवानाची. तीनशे फुटांवरून चेहरा चेहरा दिसावा म्हणून घडवणाऱ्यांनी मुद्दाम सगळं भडक केलं होतं; शंभर वर्षं कुणी जवळून बघणार नव्हतं. बाबा चष्मा लावून बराच वेळ उभे राहिले, मग चष्मा काढला, चार पावलं मागं गेले, आणखी चार गेले, पार दाराशी जाऊन पुन्हा बघितलं.

"इथून ठीक आहे," म्हणाले.